बावीस मिनिटांचा खुलासा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंय. टाईप करून, सही ठोकून, गोल शिक्का मारून आणि दोन कार्बन प्रती काढून खोटं लिहिलंय.

मेमोत तुम्ही म्हणता की मी, जागेश्वर, फाइली सांभाळणारा कारकून, यानं "तिसऱ्या अपत्याची माहिती हेतुपुरस्सर दडवून" दोन खोल्यांचं क्वार्टर मंजूर करून घेतलं. आणि "दुसऱ्या अपत्यानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया का करून घेतली नाही" याचा खुलासा सात दिवसांत करावा. नाहीतर क्वार्टर रद्द, आणि तिसऱ्या अपत्याला खात्याच्या दवाखान्यात औषधपाणी बंद.

खुलासा करतो. पण त्यासाठी तुम्ही मेमोच्या तळाशी चार ओळींची जागा सोडली आहे आणि माझ्या पोरी तीन आहेत. एकीच्या वाट्याला दीड ओळही येत नाही. म्हणून वेगळे कागद जोडतो. एक प्रत तुम्हाला. दुसरी मी आमच्या चौकातल्या वाचनालयाच्या टेबलावर ठेवणार आहे, कारण तुमच्या टेबलावर गेलेला कागद पुढं कुठं जातो ते मला ठाऊक आहे. तो कपाटात नेऊन ठेवण्याचाच मला पगार मिळतो.

वाचनालयातल्या लोकांसाठी थोडं सांगावं लागेल. आमचं खातं कोळसा जाळून वीज तयार करतं. वीजकेंद्राच्या गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बदनामीचा दुसरा मेमो यायचा. खात्याची बस मला सकाळी नागपूरच्या महाल भागातून उचलते आणि संध्याकाळी राखेसकट परत आणून टाकते. महालात आमची एक खोली आहे. तिच्यात आधी हातमाग बसला आणि उरलेल्या जागेत आम्ही बसलो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको गोपिका आणि माझे वडील. वडलांना सगळी गल्ली दादाजी म्हणते. त्यांचं वय सत्तर आहे, पाय मागाच्या खड्ड्यात आणि डोळे कापडावर. साठ वर्षं त्यांनी लुगडी विणली. मला शिकवायचा प्रयत्न केला, पण माझ्या हातून धोटा खाली पडायचा आणि तोंडातून शिव्या. शेवटी तेच म्हणाले, "तू सरकारी नोकरीच कर गा. तिथं काही तुटलं तरी कोणाले दिसत नाही."

तर क्वार्टर. क्वार्टरसाठी मी पहिला अर्ज केला शहात्तर साली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. अर्जात रकाना होता, "अपत्यांची संख्या". मी लिहिलं, निरंक. हेडक्लार्क चंपतरावांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडं पाहिलं.

"लेकरू नाही तं क्वार्टर काहून पायजे गा तुले? दोघं तं बाकड्यावरही झोपान."

अर्ज परत. आणि साहेब, त्याच वर्षी, त्याच चंपतरावांनी, त्याच टेबलावरून मला नसबंदीच्या यादीत घातलं. मी विचारलं, अहो, मला एकही मूल नाही. ते म्हणाले, "आकडा पुरा कराचा आहे. तू समजूतदार मानूस आहेस म्हनून तुले म्हनून राहिलो." मी समजूतदारपणे तीन दिवस राखेच्या ढिगामागं जेवलो आणि शिबिराची गाडी निघून गेल्यावरच बाहेर आलो. तेव्हा मी सापडलो असतो तर आज हा मेमो काढायची तुम्हाला वेळच आली नसती. तेवढी एक चूक माझी. मान्य.

पुढची दहा वर्षं रकाना निरंकच राहिला. ती दहा वर्षं इथं लिहीत नाही. गोपिकेनं ती काढली आहेत, माझ्या लिहिण्यानं ती कमी व्हायची नाहीत. फक्त सल्ल्यांचं सांगतो, कारण ते फुकट होते आणि माझ्या वाट्याला पोत्यानं आले.

आमच्या शेजारी रुखमाबाई राहते. तिला स्वतःला सात लेकरं. त्यामुळं या विषयात तिचा शब्द अखेरचा. ती रोज दारात उभी राहून गोपिकेला एक उपाय सांगायची. "कोराडीच्या देवीले ओटी भर वं." भरली. "ताजबागले दोरा बांध." बांधला. "मंगळवारी वांगं नोको खाऊ." नाही खाल्लं. एकदा म्हणाली, दोष मागाचा आहे. घरात दिवसभर खटखट होते, त्या आवाजानं जीव घाबरतो आणि येत नाही. दादाजी खड्ड्यातूनच ओरडले, "माया बापाच्या मागाची खटखट याच्या दुप्पट होती वं रुखमे, आमी नऊ भाऊ झालो!" त्यावर ती चार दिवस बोलली नाही. त्या चार दिवसांत घरात फार शांतता होती. मला ती अजून आठवते.

शेवटी धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव कळलं. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "आधी तुमची तपासणी करू." मी म्हटलं, हिची ना? "तिचीही होईल. आधी तुमची."

साहेब, पुरुषाच्या इभ्रतीचं वजन किती असतं ते मला त्या दिवशी कळलं. ती एका छोट्या बाटलीत मावते. बाटली आणि एक कागद मला दिला. प्रयोगशाळेच्या खिडकीवर रांग होती, आणि आतल्या माणसाचा आवाज मालधक्क्यावर हमाली केल्यासारखा. "जागेश्वर! महालवाले! नमुना तुमचाच का?" रांगेतले अकरा जण वळून पाहतात. त्यात आमच्या गल्लीतले बाबनराव, साखरेची तपासणी करायला आलेले. मी म्हटलं, माझाच. "उशीर झाला काहून?" आता यावर काय उत्तर द्यावं? मी "बस मिळाली नाही" म्हणालो. बाबनरावांनी ते उत्तर गल्लीत जसंच्या तसं पोचवलं आणि लोक महिनाभर मला विचारत राहिले की कोणती बस.

माझ्यात दोष निघाला नाही. याची प्रत हवी असल्यास सादर करीन. गोपिकेचं बीज वेळेवर तयार होत नव्हतं. बाईंनी गोळ्या दिल्या. महिन्यातून ठरल्या दिवशी पाच गोळ्या, मग कॅलेंडरावर फुल्या, मग तारखा, मग वाट पाहणं. बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "या गोळ्यांनी एखाद्या वेळी जुळं होतं. तयारी ठेवा." गोपिका म्हणाली, "बाई, एकाची तयारी बारा वर्षं होऊन राहिली. दुसऱ्याले जागा होऊन जाईन."

पाचव्या महिन्याच्या गोळ्यांना फळ आलं. आम्ही कोणालाच सांगितलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी रुखमाबाई सांबारवडी घेऊन हजर. म्हणाली, "भिंत पातळ आहे बाप्पा. काल तुमी दोघं हसून राहिले होते. बारा वर्षांत पयल्यांदा आयकलं."

मग सोनोग्राफी. हे यंत्र तेव्हा नागपुरात नवं होतं. पोटावर थंडगार चिकट मलम लावतात, वर एक दांडा फिरवतात आणि टीव्हीसारख्या काचेवर आतलं दिसतं. आम्हाला पावसात अँटेना हलल्यावर टीव्हीवर दिसतं तसंच दिसलं, पण बाईंना समजत होतं. अट एकच. जाण्याआधी सहा गिलास पाणी पिऊन यायचं आणि तपासणी होईपर्यंत लघवीला जायचं नाही. मूत्राशय भरलेलं असलं की चित्र स्वच्छ दिसतं.

महाल ते धंतोली हा रस्ता सायकलरिक्षानं आणि भरल्या पोटानं कधी गेला आहात, साहेब? तुम्हाला जीप आहे. त्या रस्त्यावर किती खड्डे आहेत ते महापालिकेला ठाऊक नसेल, गोपिकेला ठाऊक आहे. तिनं ते मोजले. प्रत्येक खड्ड्याला ती माझा दंड धरायची आणि दात आवळून म्हणायची, "हळू सांगा त्याले." मी रिक्षावाल्याला सांगायचो, हळू. तो म्हणायचा, "भाऊ, हळू गेलो तर उशीर होईन, जोरात गेलो तर दचका बसन. वहिनीले विचारा, काय पायजे." वहिनी तेव्हा उत्तर देण्याच्या परिस्थितीत नव्हती.

बाईंनी दांडा फिरवला. थांबल्या. परत फिरवला. मग हसल्या आणि दोन बोटं वर केली.

"दोन आहेत."

गोपिकेनं माझ्याकडं पाहिलं. मी काय बोललो असेन? "जागा होईल ना?" असं मी बाईंना विचारलं. त्यांना वाटलं पोटात. मी मागाकडचं विचारत होतो.

बाईंनी एक फोटो दिला, एक प्रमाणपत्र दिलं, "जुळी गर्भधारणा". ते घेऊन मी थेट चंपतरावांच्या टेबलावर गेलो. त्यांच्या पाठीमागं भिंतीवर लाल त्रिकोणाचं पोस्टर आहे. आई, बाप, एक पोरगा, एक पोरगी, चौघंही हसताहेत. चंपतरावांनी प्रमाणपत्र वाचलं, पोस्टर पाहिलं, परत प्रमाणपत्र वाचलं.

"अरे वा! एकाच खेपेत आदर्श कुटुंब! आता तुले क्वार्टर देल्याबिगर आमाले गत्यंतर नाही गा."

तुमचा नियम असा आहे, वाचनालयातल्या लोकांनीही ऐकावा. शून्य मूल असलं तर क्वार्टर नाही, कारण गरज नाही. दोन असली तर क्वार्टर आधी, कारण तुम्ही आदर्श. तीन असली तर क्वार्टर नाही, कारण तुम्ही गुन्हेगार. मी दहा वर्षांत पहिल्यांदा बरोबर आकडा घेऊन आलो होतो. मंजुरीचं पत्र पंधरा दिवसांत निघालं. किल्ली बाळंतपणानंतर. घरात नळ, दोन खोल्या, मागं अंगण. दादाजींना म्हटलं, आम्ही तिकडं जातो, इथं तुम्ही आणि तुमचा माग, करा किती खटखट करायची ती.

पण दादाजींचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. त्यांनी तो सोनोग्राफीचा फोटो खिडकीत धरला होता आणि त्यावर भिंग लावलं होतं. विणकराकडं एक छोटं भिंग असतं. कापडावर ठेवून एका इंचात किती धागे बसले ते त्यातून मोजतात. दादाजींनी अख्खी दुपार त्या फोटोवर घालवली. मग भिंग पुसलं, डबीत ठेवलं आणि म्हणाले, "तीन आहे."

"काय तीन?"

"लेकरं."

मी भडकलो. म्हटलं, दादाजी, ती धंतोलीची डॉक्टर आहे, विलायती मशीन आहे.

"मशीननं फोटो काढला. मोजले कोनं? बाईनं. बाहेर पंधरा बाया बसल्या होत्या, बाईले घाई होती." त्यांनी नखानं एक काळी जागा दाखवली. "हे पाह्य. कापडात एका धाग्यावर दुसरा चढला का तिथं रंग गहिरा होते. वरून एक दिसते, असते दोन. इथं एकावर एक आहे. तू उद्या बाईले पुन्हा मोजाले सांग."

मी सांगणार नव्हतो. खरं लिहितो. दोन हा आकडा मला फार मोठ्या कष्टानं मिळाला होता आणि तो मी एका म्हाताऱ्याच्या भिंगापायी हातचा जाऊ देणार नव्हतो. आठ दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. ते मागावर बसले आणि मऊ सुताची तीन लहान कापडं विणून मोकळे झाले. जन्मलेल्या लेकराला पहिलं कापड आजाच्या हातचं, ही आमच्या घरची रीत आहे. जन्माआधी शिवायचं काही नसतं, पण विणायला कोणाची मनाई नाही. एकाला लाल काठ, एकाला हिरवा, एकाला पिवळा. म्हणाले, "पयल्याले लाल, दुसऱ्याले हिरवा, तिसऱ्याले पिवळा. घोळ नोको व्हाले." मी पिवळं उचलून पेटीत टाकलं. गोपिकेनं ते परत काढून घडी घातली. "पोट मायं आहे," ती म्हणाली. "मलेही जड लागून राहिलं. उद्या चला."

पुन्हा सहा गिलास. पुन्हा ते खड्डे. बाईंना मी भीतभीत सांगितलं की आमचे वडील विणकर आहेत आणि त्यांनी भिंगातून तीन मोजले आहेत. बाई रागावल्या नाहीत. हसल्या, पण म्हणाल्या, "बघूया. बसा, दोन पेशंटनंतर."

आणि लाईन गेली.

पंखा थांबला, यंत्र थांबलं, सगळा दवाखाना थांबला. थांबू शकत नव्हत्या त्या बाकावरच्या नऊ बायका, आणि नवांच्या पोटात सहा सहा गिलास. विसाव्या मिनिटाला एक बाई उठून उभी राहिली, कारण बसवत नव्हतं. तिसाव्या मिनिटाला दुसरी भिंतीकडं तोंड करून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटतं ती देवाचं नाव घेत नव्हती. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, ज्यांना सहन होत नाही त्यांनी जाऊन या, पण मग परत सहा गिलास प्या आणि परत तासभर थांबा. कोणी हललं नाही. नऊ जणींनी एकमेकींकडं असं पाहिलं की जी आधी उठेल ती हरली.

तेवढ्यात एकीच्या सासूनं मोठ्यानं विचारलं, "हे लाईनवाले करते तरी काय दिवसभर? खुर्च्या गरम करते!"

साहेब, मी गप्प बसायला हवं होतं. पण तुमच्या खात्याचा अभिमान माझ्यात किती मुरलाय पाहा. मी म्हणालो, "आजी, तसं नाही. लोड जास्त झाला की बंद करावंच लागतं."

"तुले काय माईत?"

"मी तिथंच नोकरीला आहे."

पुढचं थोडक्यात लिहितो. त्या नऊ बायकांनी माझ्याकडं जे पाहिलं त्यात तुमच्यासकट सगळं खातं जळालं असतं, पण समोर एकटा मी होतो. आजी म्हणाली, "मंग जाय ना गा, चालू कर!" भिंतीकडची बाई म्हणाली, "याले सहा गिलास पाजा." एकीनं खरंच माठातून गिलास भरून आणला. मी प्यालो. दुसरा आला. मी गोपिकेकडं मदतीसाठी पाहिलं. ती म्हणाली, "प्या. मी पयले पेली ना." चौथ्या गिलासाला लाईन आली. देव आहे.

बाईंनी दांडा फिरवला. या वेळी घाई केली नाही. खोलीत मी, गोपिका आणि यंत्राची घरघर. बाईंनी चष्मा पुसला. मग बोटानं काचेवर एक टिंब दाखवलं. ते धडधडत होतं. त्याच्या शेजारी दुसरं. आणि दुसऱ्याच्या मागून, लपाछपी खेळत असल्यासारखं, तिसरं.

"तुमचे वडील कुठं काम करतात म्हणालात?" बाईंनी विचारलं.

गोपिका रडत होती आणि हसत होती. मीही रडलो असतो, पण चार गिलासांमुळं मला आधी बाहेर जाणं भाग होतं.

आता, साहेब, तुमच्या "हेतुपुरस्सर दडवून"कडं येतो. दुसऱ्याच दिवशी बाईंचं नवं प्रमाणपत्र घेऊन मी चंपतरावांकडं गेलो. तीनचं. त्यांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही.

"फाईल दोनवर मंजूर झाली गा. आता तू तीनचा कागद लावशीन तं फाईल उघडा लागन. उघडली का वर जाईन. वर गेली का संपली. तू काहून सोताच्या पायावर दगड पाडून घेऊन राहिला? पोटातलं कोनं पायलं? झाल्यावर पाहू."

"पण खरं तीन आहेत."

"खरं बाहेर आल्यावर होते," चंपतराव म्हणाले. "आतलं सगळं अंदाजपत्रक."

मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. संध्याकाळी तो माझ्याच टेबलावर परत, कोपऱ्यात पेन्सिलीनं "सध्या नको" असं लिहिलेलं. तो कागद माझ्याकडं आहे. सोबत प्रत जोडली आहे. दडवलं कोणी, साहेब?

आठव्या महिन्यात गोपिकेच्या कळा सुरू झाल्या. दुपारची वेळ. पहिली चार वाजून दहा मिनिटांनी. दुसरी चार सोळाला. मग ती बावीस मिनिटं. दाराबाहेर मी उभा होतो. मला आतून दोन रडणी ऐकू येत होती आणि मी तिसऱ्यासाठी कान लावून होतो. दादाजी बाकावर बसून गुडघ्यावर बोटानं काहीतरी मोजत होते. त्या बावीस मिनिटांत मी क्वार्टरचा एकदाही विचार केला नाही, हे नोंदवून घ्या. चार अडतीसला तिसरी आली. तिचा आवाज इतका बारीक की मला वाटलं दार किरकिरलं.

तिन्ही मुली. रुखमाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "तिन्हीच्या तिन्ही पोरीच वं बाप्पा!" दादाजी म्हणाले, "तुले मोजता तं येते. मंग रडून काहून राहिली?"

घरी आणलं. झोळ्या बांधायला जागा नव्हती. दादाजी मागाभोवती एक फेरी मारून आले, वरच्या दोन आडव्या दांड्या हलवून पाहिल्या आणि तिथंच तीन झोळ्या बांधल्या. खाली मागावर एका गिऱ्हाईकाचं लुगडं अर्धं विणलेलं. साठ वर्षांत तो माग पहिल्यांदा बंद पडला. मी म्हटलं, दादाजी, किल्ली मिळाली की आम्ही जातो, मग तुमचं सुरू. ते म्हणाले, "राहू दे. झोका देला का थोडी खटखट होतेच." पण दिवसातून चारदा ते त्या अर्ध्या लुगड्यावर हात फिरवतात. मी पाहतो.

आणि अठराव्या दिवशी तुमचा मेमो. सोबत फॉर्म, "तिसऱ्या अपत्याचे नाव, जन्मवेळ, वजन व ओळखीची खूण". तिचं नाव खात्याच्या दवाखान्याच्या कार्डावरून कापायचं म्हणून. मी तो मोठ्यानं वाचला, ही माझी दुसरी चूक. गोपिका ऐकत होती. तिनं विचारलं, "तिसरीले औषध नाही म्हन्ते? ती तं पावणेदोन किलोचीही नाही."

तीन दिवसांनी चंपतराव पाहणीला आले. पिशवीत फॉर्म, खिशाला पेन. दारातूनच म्हणाले, "त्रास देत नाही. पिवळ्या काठाची तिसरी ना? बाबनराव सांगून राहिले होते." आणि झोळ्यांकडं पाहिलं. तिन्ही झोळ्यांत तिन्ही पोरी. अंगावर कापडं. एकीला लाल काठ आणि हिरवं टोपरं. एकीला पिवळा काठ, पण ही चांगली गुटगुटीत. एकीला कापडच रुखमाबाईच्या जुन्या लुगड्याचं. दवाखान्यातल्या मनगटावरच्या पट्ट्या न्हाणीत कधीच गेल्या होत्या.

"यातली तिसरी कोणती वं बाई?" चंपतरावांनी विचारलं.

"तुमीच सांगा," गोपिका म्हणाली. "तुमाले पायजे ना."

चंपतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी गोपिकेकडं पाहिलं. खरं सांगतो साहेब, मला ओळखू येत नव्हतं. दादाजींनी डबीतून भिंग काढून चंपतरावांपुढं धरलं. "घ्या. मोजा."

"अरे पण रकाना भरा लागते गा!"

"मंग बसा," गोपिका म्हणाली. "एकजण भुकेली आहे, तिले मी घेतो. तुमी हिले धरा." आणि हेडक्लार्कांच्या मांडीवर एक पोर ठेवली. कोणती ते विचारू नका. खाली ठेवली की ती रडायची, उचलली की गप्प. चंपतराव पाऊण तास बसले. हालचाल नाही. पेन खिशातच. शेवटी म्हणाले, "बोट धरून ठेवलं हिनं." रुखमाबाईनं चहा आणला तो त्यांनी डाव्या हातानं प्याला. जाताना रकान्यात त्यांनी एक शब्द लिहिला. निरंक. त्यांचा पहिला प्रामाणिक कागद असेल तो. तुम्ही तोच लाल शाईनं "अपूर्ण" म्हणून परत पाठवलात, म्हणून हा खुलासा.

चंपतराव गेल्यावर मी गोपिकेला म्हटलं, कापडं तू बदलली. ती म्हणाली, हो. म्हटलं, तुला तरी माहीत आहे ना कोणती तिसरी? "मायबाईले माईत नसन?" म्हटलं, मग मला सांग.

"नाही," गोपिका म्हणाली. "तुमाले सांगितलं तं तुमी लिहान. तुमाले लिहाची लय सवय आहे."

आणि झोका दिला. मागाच्या दांड्या खटखटल्या.

तर साहेब, दोन प्रश्न. पहिला असा. चार सोळा ते चार अडतीस या बावीस मिनिटांत मी नेमकं कोणत्या टेबलावर चढून शस्त्रक्रिया करून घ्यायला हवी होती, आणि त्या वेळी तुमच्याकडं लाईन होती का? हे सवडीनं कळवा.

दुसऱ्या प्रश्नाला सवड नाही. ती बारीक आवाजाची, जी कोणती असेल ती, काल संध्याकाळपासून खोकते आहे. मी खात्याच्या दवाखान्यात तिघींना घेऊन जाणार आहे आणि तिघींची नावं लिहिणार आहे. तुम्ही त्याआधी आमच्याकडं या. महालात कोणालाही विचारा, मागावरच्या झोळ्यांचं घर. तिघी एका रांगेत असतील. पुढं या, बोट ठेवा आणि मला लेखी द्या, सही-शिक्क्यासकट. यातली कोणती नको होती?